गळाला उरलेलं डोकं

ओठात गळ तसाच होता, आणि ओठ अजून हलत होते. कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात त्याने ते डोकं तळहातावर घेतलं – कल्ल्यांपर्यंत मासा, पुढे काहीच नाही. चष्म्याच्या काचा घासण्यात उभा जन्म गेलेल्या त्याला कड कळत असे. ही एकाच चाव्यात तुटलेली होती... मघाशी तडफडणारी दोरी एकाएकी हलकी झाली तेव्हा वाटलं होतं, सुटला बिचारा.

दादा वीस पावलं पुढे, कमरेभर काळ्या पाण्यात पाठमोरा उभा होता. त्याचीही काठी वाकलेली – मासा लागला होता, मोठा, आणि दादा त्याला इंचाइंचाने स्वतःकडे ओढत होता. मासा, आणि त्या तडफडीच्या मागावर जे काही येत असेल ते.

हाक मारायला हवी. त्याने तोंड उघडलं... आई अकरा दिवस अंथरुणावर होती, धाकट्याला बोलवा, धाकट्याला बोलवा, म्हणत होती – आणि दादा रोज संध्याकाळी फोनवर, "सगळं ठीक आहे रे, तू परीक्षा दे." तो पहिल्या वर्गात पास झाला. पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला, तर आईची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. "तुझ्या भल्यासाठीच," दादा म्हणाला होता, आणि त्यानंतर तीस वर्षं दोघे दर शनिवारी गळ टाकायला येत, एकाच थर्मासमधला चहा पीत, आणि तो विषय कुणीच काढत नसे.

मी ओरडतोय, त्याला वाटलं. मी केव्हाचा ओरडतोय... पण कानावर नुसत्या लाटा येत होत्या.

दादाची काठी ताडकन सरळ झाली.

"हात्तिच्या, सुटला!" म्हणत दादाने दोरीचा अंदाज घ्यायला आणखी एक पाऊल पुढे टाकलं. त्याच्या पलीकडे पाणी फुगलं, लाट नसताना.

"दादा! मागे फिर! बाहेर ये आधी!"

दादा धडपडत, कुरकुरत आला. त्याच्याही गळाला डोकंच होतं. त्याने दोन्ही डोकी शेजारी शेजारी धरून पाहिली, आणि वाळूवर बसकण मारली.

"तुझं कधी आलं रे हे?"

"आत्ताच."

"थोडक्यात निभावलं म्हणायचं." दादाचा ओला हात त्याच्या खांद्यावर पडला. "तू होतास म्हणून."

त्याने बॅटरी विझवली. चेहरा दिसायला नको होता. अंधारात त्याने तो जुना राग चाचपला – दुखऱ्या दाढेवर जीभ फिरवावी तसा. सापडेना. दिसत होता तो फक्त दादा, तिशीतला, रिसीव्हर कानाला लावून उभा, आतल्या खोलीचं दार पायाने हळूच लोटून घेताना – आणि पहिल्या संध्याकाळी ते किती सहज जमलं असेल, हे त्याला आता ठाऊक होतं. दुसऱ्या संध्याकाळी तेच पुन्हा सांगताना कसं वाटलं, ते विचारावंसं वाटलं. खांद्यावरचा हात मात्र जड होत चालला होता, आणि तो स्वतः जागचा हलला नाही.