दानम्मानं आणलेलं ताट

उन्हाळा आला की मी माणसात येते. बाकीचे आठ म्हैने नुसते ढकलायचे. पण अंगणातला मोगरा फुटला, दोडक्याचा वेल मांडवावर चढला, की मला एका जागी बसवत न्हाई. सकाळी झाडास्नी पाणी घालायचं, दुपारी लिंबाखाली जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसायचं. आणि एक दिवस चाकूरला जायाचं. तिथं बेकरीत घरचं पीठ, तूप, साखर नेऊन दिलं की भट्टीवाला आपल्यासमोर बिस्किटं भाजून देतो. त्या वासात दोन तास बसले की माझी जत्रा झाली.

आता कुणी म्हणंल, म्हातारपणी येवढी हौस कशाला? तर माझ्या महांतेशासाठी. एकुलतं एक लेकरू. तीन वर्सांमागं घर सोडून गेला. त्यानं कालेज सोडलं म्हणून बापाचं डोकं फिरलं. बापाचं नाव विरूपाक्ष. आमच्यात बायका मालकाचं नाव घेत न्हाईत, पर मी घेते, माझी भीड तवाच मेली. भरल्या ताटावरनं पोराला उठवलं आन् म्हणले, "पुन्हा ह्या घराचा उंबरा चढलास तर बघ!" पोरगंबी त्यांचंच. मागं वळून बघितलं न्हाई. ना फोन, ना खबर.

मी तवाच ह्यांना सांगून ठेवलं, "माझं लेकरू घरी आणा. न्हाई आलं तर मी मरताना माझ्या तोंडात पाणीबी घालू नगा." तीन वर्सं रोज सांगत आले. भाकर वाढताना सांगायची, भाकर गिळेपर्यंत सांगायची.

आन् दर उन्हाळ्यात त्याच्यासाठी सगळं करायची. कुरडया तर हमखास. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. महांतेश घरी व्हता तवा, चीक शिजला की वाटी घेऊन चुलीपशी हजर. दूध-साखर घालून गरम चीक असा वरपायचा, की कुरडयाला उरतो का न्हाई अशी धास्ती पडायची. म्हणायची, "आरं, भाजंल की तोंड!" ऐकतंय कोण!

औंदा ह्यांचं काय बिघडलं कळंना. जलमात तांब्याभर पाणी न घालणारा माणूस, ह्यो रोज वेलाला आळं करू लागला. वाकळ शिवताना मला दोरा ओवता येईना, तर न बोलता सुई घेतली आन् ओवून दिली. बिस्किटांसाठी मला चाकूरला स्वतः घेऊन गेले, वर म्हणले, "साखर जास्ती घे, त्याला गोड आवडतं." मी मनात म्हणले, चला, उशिरा का होईना अक्कल आली. खरं सांगते, मला बरं वाटलं. किती दिवसांनी त्या दिवशी मी ह्यांच्याशी नीट बोलले.

पर गल्लीतल्या बायांनी मातूर माझं डोकं उठवलं. कुरडया एकटीचं काम न्हाई. आज हिच्या घरी, उद्या तिच्या, अशी आमची पाळी असती. औंदा माझी पाळी आली की हर एकीचं काहीतरी निघायचं. एकीची कंबर धरली, एकीच्या घरी पाव्हणे आले. शेजारची दानम्मा, जी माझ्यासंगं वीस वर्सं सोऱ्या फिरवत आली, ती म्हणती, "अक्का, औंदा ऱ्हाऊ दे की गं. ऊन लई हाय." आता उन्हाळ्यात ऊन न्हाई पडणार तर काय गारा पडतील? मी म्हणले, मसणात जावा सगळ्या. आन् एकटीनंच गहू भिजवले.

चौथ्या दिवशी चीक काढला, रातभर निवळू दिला. सकाळी वरचं पाणी ओतून काढलं. कसा पांढराशुभ्र चीक बसला व्हता! चूल पेटवली, आधण ठेवलं, तेवढ्यात दानम्मा आली. हातात ताट, ताटावर धुतलेलं फडकं. मला वाटलं, आली बया मदतीला.

फडकं सरकलं. ताटात कुरडया, पापड, शेवयांची एक जुडी.

आमच्याकडं ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात वरीसभर वाळवण करत न्हाईत. गल्लीतल्या बाया आपल्यातलं थोडं थोडं काढून त्या घरी पोचवतात. सासू गेली तवा असंच ताट माझ्या घरी आलं व्हतं. एरवी वाळवणाचं ताट कुणी कुणाच्या दारात घेऊन जात न्हाई. अपशकुन असतो.

"दाने," मी म्हणले, "येड लागलं का तुला? कुणाच्या घरी आलीस तू?"

तिचं लक्ष चुलीकडं गेलं, चिकाकडं गेलं. तोंड पार उतरलं तिचं.

"अक्का, विरूपाक्षदादांनी सांगितलं न्हाई तुला? काल आमच्या घरी बोलले, आज रातीला सांगतो म्हणून. मला वाटलं तुला समदं ठावं झालं."

"काय ठावं झालं?"

ती रडाया लागली. ताट तसंच खाली ठेवलं आन् पदर तोंडाला लावून निघून गेली.

हे वेलापशी उभे व्हते. मी हाक मारली न्हाई. तेच आले, उंबऱ्यावर बसले, आन् सगळं सांगितलं. महांतेश नांदेडच्या रस्त्याला, लोह्याच्या पुढं एका धाब्यावर काम करत व्हता, दुसरंच नाव सांगून. येवढ्या जवळ! मी तीन वर्सं तो मुंबई-हैदराबादला असंल म्हणून देव पाण्यात ठेवले, आन् लेकरू दोन-तीन तासांच्या वाटंवर. संक्रांतीच्या सुमाराला ट्रकनं उडवलं. कुणाचा कोण, कळंना, म्हणून बेवारस म्हणून पुरला. दोन म्हैन्यांनी धाबेवाल्याला त्याच्या पेटीत शाळेचा दाखला सापडला, तवा फोन आला. तवा डोळे दाखवायला नांदेडला जातो म्हणून मला सांगून हे गेलते, ते तिकडं गेलते. पोलिसांनी फोटो दाखवला. त्योच व्हता.

"आन् मला दोन म्हैने बिस्किटं भाजू दिली?" मी वरडले. "वाकळ शिवू दिली? सुईत दोरा ओवून दिला मला? माझ्या जिवाचा तमाशा बघत बसलात?"

"कसं सांगू मल्लम्मा," हे म्हणले. "मीच उठवला व्हता त्याला ताटावरनं. तू हसून बोलाया लागलीस माझ्याशी. मला वाटलं, येवढा उन्हाळा तरी जाऊ दे."

मला त्यांना मारावं वाटलं. हात उचललाबी. पर तोंडातनं वेगळंच निघालं.

"बसवलं व्हतं का त्याला?"

आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं करत न्हाईत. मांडी घालून बसवतात, हातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग देतात, अंगाला इभूत लावतात, मग माती देतात. आमचा बाप, आमची सासू, समदे तसेच बसलेत जमिनीत.

"त्यास्नी काय ठावं आपली रीत," हे म्हणले. "आडवाच ठेवला असंल."

"मग आपण जाऊ. काढू त्याला. नीट बसवू. मठातल्या स्वामींना घेऊन जाऊ संगं."

"मी गेलतो तिथं," हे म्हणले. "एका रांगेत सात जणं पुरलीत, मल्लम्मा. पाट्या व्हत्या, कुणी काढून नेल्या. कोणता आपला, ते तिथल्या माणसालाबी सांगता येईना. मी साती ठिकाणी इभूत टाकून, बेल वाहून आलो."

चुलीवरचं आधण उतू जाऊन जाळ इझला. मी म्हणले, "मला घेऊन चला तिथं."

हे म्हणले, "चल."

आन् आमी दोघंबी तिथंच बसून ऱ्हायलो.