सुंदराबाईंचा थाळा

पोफळीच्या वरच्या वाडीत सुंदराबाईंचा थाळा वाजला की शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. सदुसष्ट सालच्या भूकंपात सुंदराबाईंची धाकटी लेक भिंतीखाली गेली, तेव्हापासून त्यांनी घराला ही शिस्त लावली होती. त्या अंगणात उभ्या राहून पळीने थाळा बडवणार. मग सून हौसाने पाळण्यातल्या सखूला उचलून बाहेर यायचं आणि दहा वर्षांच्या थोरल्या नातीने, गोदाने, शेळी सोडायची. हौसाला या कवायतीचा मनस्वी कंटाळा होता. पण नवरा मुंबईला, गाऱ्हाणं घालायचं कुणाकडे? घातलं तरी त्याने आईचीच री ओढली असती.

त्या दुपारी हौसा पडवीत तांदूळ पाखडत होती. आधी जमिनीतून गडगड आली, मग फळीवरची भांडी खडखडली, कौलं घसरू लागली. हौसा सूप धरून तशीच उभी. वेडी थाळ्याची वाट बघत होती. थाळा काही वाजेना. शेवटी सखू किंचाळली, तेव्हा कुठे तिला उचलून हौसाने अंगण गाठलं. गोदाही शेळी ओढत आली. सुंदराबाई मात्र नव्हत्या. त्यांना कुणी बाहेर आणायचं हे कधी ठरलंच नव्हतं, कारण त्या नेहमी आधीच अंगणात असायच्या.

पुन्हा हादरा बसला. आत जायचं हौसाच्या अगदी जिवावर आलं. आपलं काही झालं तर या पोरींना कोण, एवढंच डोक्यात घुमत होतं. तरी सखूला गोदाच्या कडेवर देऊन ती आत शिरली.

माजघरात सुंदराबाई खांबाला मिठी मारून बसल्या होत्या. थाळा आणि पळी पायाशी पडलेली.

"आयी, भायेर चला."

त्यांना ऐकूच जात नव्हतं. हौसाने हात ओढला, तरी मिठी सुटेना. वरून माती पडू लागली. रडकुंडीला येऊन हौसाने थाळा उचलला आणि जीव खाऊन बडवला.

सुंदराबाई ताडकन उठल्या आणि अंगणाकडे धावल्या. हौसा त्यांच्या मागे उंबऱ्याबाहेर पडते न पडते तोच आढं खाली आलं.

धूळ बसल्यावर सुंदराबाईंनी शेळीकडे पाहिलं, सखूकडे पाहिलं.

"मंग मी कुनाकडं व्हते गो?" त्यांनी हळूच विचारलं.

"माज्याकडं," हौसा खोटंच म्हणाली. थाळा खाली ठेवायला तिची बोटं काही उघडेनात.