तीन नंबरच्या खड्ड्यावरची लाल पाटी

माळा माझा होता. ज्वारीची पोती, चिंचेची गाडगी, लेकींच्या बाळंतपणाची बाज, सगळं मी तिथं ठेवायची. त्या साली दुष्काळानं पोती रिकामी केली आणि रिकामा माळा ह्यांनी बळकावला. ह्यांना रेल्वेतून रिटायर होऊन सहा महिने झाले होते. सकाळचा चहा झाला की शिडी चढायचे, आन् पत्रे तापले की घामानं निथळत खाली यायचे.

"वर काय करून राहिले?" मी इचारायची.

"काम."

"कशाचं काम?"

"शेडचं."

एवढंच. आता मला एक खोड हाय, एखादी गोष्ट कळली न्हाई तर जेवण गोड लागत न्हाई. एक दिवस हे सेल आणायला नांदेडच्या जुन्या बाजारात गेले, आन् मी पदर खोचून वर चढले.

अगं माय! फळ्यांवर अख्खी डिझेल शेड मांडलेली, रेल्वेची इंजनं दुरुस्त व्हायची ती, पण इवलीशी. छत्रीच्या काड्यांचे रूळ, खाली बर्फाच्या कांडीच्या काड्या आडव्या. तेलाचा डबा कापून छप्पर केलेलं, पावडरचा डबा उभा करून डिझेलची टाकी. रुळांच्या मधोमध फळी कापून तीन लांबट खड्डे, आन् त्यांच्यावर पत्र्याची तीन इंजनं. एकाच्या पोटात वाकून बघितलं तर आमच्या टेपरेकॉर्डरची मोटार! तो टेपरेकॉर्डर हरवला म्हणून मी धाकटीला किती बोलले होते.

हे आले तेव्हा मी तिथंच बसलेली. वाटलं, चिडतील. पण उलट खूशच झाले.

"खड्डे कशाला?" मी इचारलं.

"इंजनाचं पोट खालून तपासायला. फिटर खड्ड्यात उतरतो."

"आन् ह्या इवल्या पेटीत वाळू कशाला भरली?"

"रूळ ओला असला की चाक घसरतं. म्हणून इंजन आपली वाळू आपल्यासंगं घेऊन फिरतं. घसरलं की चाकाखाली सोडायची."

मला लई नवल वाटलं. पस्तीस वर्षं ह्यांचे तेलकट कपडे धुतले, पण इंजन वाळू बाळगतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग रोजच मी वर जायला लागले. एकदा तर गल्लीत टँकर येऊन गेला आन् मला पत्ताच न्हाई. शेजारच्या धुरपताबाईकडून घागरभर पाणी मागून आणावं लागलं. "वर काय गुप्तधन सापडलं का गं?" ती म्हणली. मी म्हणलं, "हाव, तसंच समज."

एक नंबरचं इंजन सेल जोडला की पुढं सरकायचं. दोन नंबरचंही. तीन नंबरचं मात्र हे कधी चालवायचेच न्हाईत. त्याच्या तोंडावर तारेच्या आकड्याला नखाएवढी लाल पाटी अडकवलेली होती.

"ही काढा की, म्हणजे हेबी पळंल," म्हणत मी हात पुढं केला.

"हात लावू नको!"

एवढ्या मोठ्यानं हे माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मग स्वतःच शिडी उतरून गेले.

मी काय गप बसणारी? दोन दिवस पिच्छा पुरवला. चहा देताना, जेवताना, अंघोळीचं पाणी काढताना एकच, "ती पाटी कशाची?" तिसऱ्या दिवशी ताटावर बसले होते. मान खाली घालूनच सांगायला लागले.

शेडमध्ये एक नेम असतो. खड्ड्यात उतरायच्या आधी फिटरनं इंजनाला आपली लाल पाटी लावायची. पाटी असेपर्यंत इंजन हलवायचं न्हाई. आन् ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. काढल्यावरबी इंजन हलवणाऱ्यानं वाकून हाळी द्यायची, "खाली कुणी हाय का?" उत्तर आल्याबिगर चाक फिरवायचं न्हाई.

"मे महिना होता," हे म्हणले. "गाडीला इंजन पाहिजे म्हणून साहेब बोंबलत होता. तीन नंबरवर लिंबाजीची पाटी. मी खुंटीवर बघितलं, त्याचा डबा नव्हता. वाटलं, गडी झाडाखाली जेवायला गेला, पाटी काढायची राहिली. मी काढली."

"मग?"

"उन्हाळ्यात खड्ड्यातच गारवा असतो. तो डबा घेऊन खालीच जेवायला बसला होता. वर यायला त्यानं रुळाला हात धरला, आन् मी इंजन हलवायला लावलं. हाळी दिली न्हाई. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली."

लिंबाजीचा अपघात मला ठाऊक होता. तो ह्यांच्याच हाताखाली शिकलेला, आमच्याकडं जेवायला यायचा. पण चौकशीत त्यानं सांगितलं होतं, की पाटी लावायची आपल्याकडूनच राहिली.

"तो तसं बोलला, तेव्हा तुम्ही काय केलं?"

"गप बसलो."

माझ्या हातातला घास ताटात पडला. सहा वर्षं आम्ही ह्या गप बसण्यावर जेवत होतो! लई संताप आला, आन् त्याहून जास्त लाज वाटली. तिकडं लिंबाजीची फिटरकी सुटली. लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा तिथल्या कलेक्टर कचेरीत तो शिपाई म्हणून लागला. ह्यांनी त्याला एक पत्रबी धाडलं नव्हतं.

"मग आता बोलवा त्याला," मी म्हणलं.

"कोणत्या तोंडानं बोलवू? तो येणार न्हाई. आन् ती पाटी मला काढता येत न्हाई."

हे रडले. मी ह्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. हा माणूस त्या पाटीपाशीच झुरून मरणार, हे मला तेव्हा कळलं. माझं शिक्षण चौथी. कार्ड आणलं आन् लिहिलं, "लिंबाजी भावजींना सुमनवैनीचा जय भीम. तुमची पाटी आमच्या माळ्यावर लावलेली हाय. काढायला या."

महिना गेला, उत्तर न्हाई. पोस्टमन दिसला की हे ओट्यावरून उठून आत जायचे. शिडी चढणंबी सोडलं ह्यांनी. मग एका रविवारी दुपारी दारात लिंबाजी उभा.

"टँकरच्या कामानं सुट्ट्या बंद होत्या, वैनी," तो म्हणला. "कुठं हाय पाटी?"

पाणीसुद्धा न पिता तो माळ्यावर चढला. हे मागून. मी शिडीच्या वरच्या पायरीवर. त्यानं सगळी शेड वाकून वाकून बघितली. वाळूची पेटी बोटानं हलवून बघितली आन् हसला.

"लिंबाजी," हे म्हणले, "ती पाटी मी काढली होती."

"ठाऊक हाय, दादा. खालून पाटीपाशी तुमच्या चपला दिसल्या होत्या. डाव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला."

"मग चौकशीत तसं का न्हाई सांगितलं?"

"बोटं तर गेलीच होती. तुमची नोकरी घालवून ती परत येणार होती का?" मग म्हणला, "पण दादा, दवाखान्यात मी रोज दाराकडं बघायचो. तुम्ही आला न्हाईत. त्याचा राग हाय. अजूनबी हाय."



लिंबाजी खाली बसला. राहिलेल्या दोन बोटांनी त्यानं ती नखाएवढी पाटी धरली. निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. ह्यांचा हात आपसूक पुढं गेला.

"हात लावू नका, दादा," लिंबाजी म्हणला. "माझी हाय."

तिसऱ्या खेपेला पाटी निघाली. ती त्यानं खिशात टाकली आन् बाजूला सरकला.

ह्यांनी सेल जोडायला हात नेला. मग तो मागं घेतला. फळीला गाल टेकेपर्यंत वाकले, त्या बोटभर खोल खड्ड्यात बघितलं आन् पत्रा घुमेल एवढ्या मोठ्यानं हाळी दिली, "खाली कुणी हाय का?"

लिंबाजीनं डोळे पुसले, आन् मग म्हणला, "कुणी न्हाई, दादा. घ्या पुढं."