उघडा माइक

ही गेल्यावर तिचा चेहरा पुसट होत जाईल, असं मला वाटायचं. चेहरा आहे तसा आहे. गेला तो आवाज. तिची वाक्यं मला तोंडपाठ आहेत, पण मनात आणली की माझ्याच घोगऱ्या आवाजात ऐकू येतात. आणि घरात तिच्या आवाजाचा एक तुकडा शिल्लक नाही. मुलीने कितीदा मोबाइल समोर धरला असेल, पण ही तोंड मिटून उभी. "फोटोत कुणी बोलतं का?" म्हणायची. एरवी तिची हाक चार मजले खाली जायची.

मी लिफ्टचा मेकॅनिक. निवृत्त झालो आणि हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅम रेडिओच्या नादाला लागलो, तोही न बोलता. बरेच जण माइकवर बोलतात. मी टाइप करतो. लॅपटॉपचं साउंड कार्ड अक्षरांची शिट्टी करतं, ती वायरने रेडिओत जाते आणि रेडिओ ती हवेत सोडतो. पलीकडे दुसऱ्याचं साउंड कार्ड ती ऐकतं आणि त्याच्या पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटतात. समुद्रापलीकडे राहणारे एक निवृत्त मास्तर आणि मी वर्षानुवर्षं असेच गप्पा मारतो. एकमेकांचा आवाज आम्ही कधी ऐकलेला नाही. शेजारच्या खोलीत शिवता शिवता ही म्हणायची, "दोन म्हातारे दिवसभर शिट्ट्या मारतात. शोभतं का या वयात?"

या छंदात एक चूक हमखास होते. लॅपटॉप दुरुस्त होऊन आला की आवाजाच्या सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या होतात आणि माइक बंद करायचा राहून जातो. मग शिट्टीबरोबर अख्खं घर हवेत जातं. माझंही एकदा झालं. मास्तर हाडाचे मास्तर, लगेच पडद्यावर उमटलं, "माइक उघडा आहे. शिलाई मशीन ऐकू येतंय. वहिनीसुद्धा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माइक बंद केला, वर त्याच्या भोकावर चिकटपट्टी लावली.

परवा ती चिकटपट्टी वाळून गळून पडली. नवी लावायला घेतली आणि हात थांबला. मास्तर लोकांच्या बिघडलेल्या सिग्नलचं रेकॉर्डिंग ठेवतात, हे मला माहीत होतं. संध्याकाळी विचारलं, "माझा माइक उघडा राहिला होता, त्या दिवसाचं आहे का हो?"

 मग अक्षरं आली. "आहे. गुन्हेगाराला दाखवायला पुरावा म्हणून ठेवतो. तुम्हाला पाठवलं नाही, चिडला असतात. पुसून टाकणार होतो, पण राहू दिलं. माझ्या घरात बोलणारं कुणी नाही. अधूनमधून लावतो. राग मानू नका."

राग आलाच. माझ्या बायकोचा आवाज मी विसरलो आणि हा माणूस तिकडे खुशाल ऐकत बसतो! मग हेवा वाटला. मग नुसतंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी फाइल आली. वर माझी कर्कश शिट्टी, खाली रेडिओची खरखर आणि त्याखाली कुठेतरी ही. आजवर बाकी सगळं गाळून शिट्टी तेवढी ठेवायची, हेच मी सॉफ्टवेअरमध्ये करत आलो. आता उलटं केलं. पडद्यावर मधोमध माझ्या शिट्टीची पिवळी रेघ होती, तिथेच खाच पाडली, म्हणजे तेवढाच सूर गाळला, आणि मी गप्प झालो. मग खरखर थोडी कमी केली. जास्त करून चालेना, कारण खरखरीबरोबर मशीनही जात होतं, आणि मशीनशिवाय ती मला ती वाटेना.

"अहो, ऐकताय का? माझा चष्मा पाहिलात?"

मशीन थांबलं. "अहो!"

मी कानांना हेडफोन लावून बसलेला असणार. मला काय ऐकू येतंय, कप्पाळ! थोडा वेळ नुसतीच खरखर. मग, "अगं बाई, डोक्यावरच आहे की!"

आणि ती हसली. एकटीच, मोठ्यांदा, शेवटी नाकातून फुर्र करत. असं हसायची ती, हे मला मुळी आठवतच नव्हतं. पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. चहा केव्हाच गार झाला होता.

संध्याकाळी ठरल्या वेळी मास्तरांना गाठलं. "ऐकलं" एवढंच टाइप केलं आणि पुढे बोटं चालेनात. अक्षरांवाचून नुसतीच शिट्टी जात राहिली. शेवटी मी थांबलो, तेव्हा पलीकडून उमटलं, "तुमचा माइक पुन्हा उघडा आहे."

खरंच होता. दुपारभर सेटिंग खालीवर केल्या होत्या आणि नवी चिकटपट्टी तर लावलीच नव्हती.

जरा वेळाने आणखी एक ओळ आली. "पण काहीच ऐकू येत नाही."

मी शेजारच्या खोलीकडे पाहिलं. मशीनवर चादर घातलेली होती.

"हो," मी टाइप केलं. माइक मात्र बंद केला नाही.