मिठबावचा देवचार आणि पांढरा भात

मठाच्या पायऱ्यांशी अर्धं मिठबाव लोटलं होतं. पाय लुळे पडले म्हणून डोलीतून आणलेली आनंदी काही आठवडे मठात राहून आज आपल्या पायांनी खाली उतरत होती. "देवचाराची साखळी तुटली!" कोपला की माणसाला धरणाऱ्या त्या राखणदार भुताचं नाव घेत घाटावरून आलेले बाबा गरजले आणि त्यांच्यापुढे नारळांचा ढीग वाढत गेला.

घरी येऊन काही आठवडे झाले, की आनंदीचे पाय पुन्हा बधिर. हे दुसऱ्यांदा घडलं. मठात बरी, घरी लुळी. सासूने, माईने, तिला तान्ह्या पोरासह बाळंतिणीच्या खोलीतून हलू दिलं नाही. बाबांनी निकाल दिला, "देवचार या घरातच आहे. आता दुधातून पोरात शिरेल. अमावास्येला आईला कायमची मठात पाठवा आणि पोर परक्या घरी द्या."

आनंदी भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. घरी राहावं तर पाय जातात, मठात जावं तर पोर जातं.

नवरा सत्यवान तसा भित्रा. पण पोराचं नाव निघताच तो देवगडला गेला आणि डॉक्टर विमलाबाईंना घेऊन आला. त्यांनी पाय तपासले आणि आनंदीला विचारलं, "मठात काय जेवायचीस?"

"उकड्या तांदळाची पेज नि कुळथाची पिठी. गड्यांका घालीत ताच माका."

"आणि इथे?"

माई दुखावली. "गड्यांचा जेवाण बाळंतिणीक? मी तिका गिरणीतले पांढरे तांदूळ रांधतंय. पेज निथळून गुरांका, भात तूप घालून तिका. बाळंतिणीक बाधता म्हणान डाळ नाय, मासळी नाय. काय कमी केलंय मी?"

"माया कमी नाही केलीत, माई," विमलाबाई म्हणाल्या. "पण भाताची शक्ती आपोआप होत नाही. ते काम शरीरातली विकरं, म्हणजे एन्झाइम, करतात. त्यांतल्या काहींना एक जोडीदार लागतो, सहविकर. तो बी-वन जीवनसत्त्वापासून बनतो आणि ते असतं तांदळाच्या कोंड्यात. उकड्या तांदळात ते कोंडा काढण्याआधीच, साळ उकडताना, दाण्यात मुरतं. तुमच्या तांदळाचा कोंडा गिरणीने काढला, उरलंसुरलं पेजेतून गुरांकडे गेलं. मग पोट भरलं तरी पाय उपाशीच. दुधातून बाळालाही तेच कमी पडतंय."

म्हणजे गड्यांचं स्वस्त जेवण आजाऱ्याला घालण्याची बाबांची कंजुषीच औषध ठरली होती. बाबांना याचा पत्ताही नव्हता. श्रेय घ्यायला कुठे ज्ञान लागतं?

विमलाबाईंनी आईला आणि बाळाला बी-वनची इंजेक्शनं सुरू केली. "घर तेच, खोली तीच. आता फक्त ताट बदला."

अमावास्येला बाबा पोर न्यायला आले, तेव्हा आनंदी चौकट धरून का होईना, उभी होती. बाळ माईच्या कडेवर.

"देवचार खंय गेलो, बाबा?" माईने विचारलं.

"सुईला घाबरला तो, माई."

"मगे तुमच्या मठात कोणाक भियालो? थंय तर सुई नाय होती."

बाबा पायरी उतरले. माईने बाळ आनंदीच्या कुशीत दिलं आणि दार लावून घेतलं.

घरात कोणाला बाधा झाली असं कुणी सांगितलं, तर नारळ फोडण्याआधी एवढंच विचारा: हा माणूस बरा होता तिथे काय खात होता आणि आजारी पडतो तिथे काय खातो? ज्याला हा प्रश्न आवडत नाही, त्याच्या हाती आपलं पोर देऊ नका.