सहावी ओळ

"बाई, जराशा बाजूले व्हा. तुमचं डोस्कं मधात येऊन राह्यलं," यज्ञेश्वर रिमोट रोखून म्हणाला.

विजयमालाबाई बाजूला झाल्या. हातात खडू होता, पण खडू चालवायला समोर काही उरलं नव्हतं. महागावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ज्या भिंतीवर एकेचाळीस वर्षं वार्ताफलक टांगलेला होता, तिथे आता दार आडवं करून लावावं एवढा मोठा टीव्ही बसला होता. फळा खाली उतरवून ओट्यापलीकडे कडुनिंबाला टेकवला होता, तोंड झाडाकडे करून. शिक्षा केलेल्या पोरासारखा.

"चार वाजता उद्घाटन हाय," वाचनालयाचा कार्यवाह असलेला यज्ञेश्वर सांगत होता. "नव्वद बातम्या, बाई! आपोआप येते. आठ सेकंदाले एक. बारा मिनिटात अख्खं जग फिरून पुन्हा पहिलीवर."

"आठ सेकंदात मी चष्मा पुसते," बाई म्हणाल्या.

ग्रंथपाल म्हणून त्या निवृत्त झाल्या त्याला चौदा वर्षं झाली. नोकरी सुटली, फळा सुटला नाही. रोज सकाळी साडेसातला त्या यायच्या, पाच वर्तमानपत्रं चाळायच्या आणि जगाच्या पाच ओळी लिहायच्या. सहावी ओळ गावाची. कोणाची म्हैस हरवली, जनावरांचे डॉक्टर कधी येणार, कोणाची अंत्ययात्रा किती वाजता. सायकलवरच्या माणसाला एक पाय जमिनीला टेकवून वाचता आली पाहिजे, एवढीच बातमी लिहायची, हा त्यांचा एक नियम. दुसरा नियम पुराच्या साली झाला. एका कंडक्टरच्या सांगण्यावरून त्यांनी "पुलावरून पाणी" असं लिहून टाकलं. पाणी तासापूर्वीच उतरलं होतं. फळा वाचून एक वऱ्हाड मागे फिरलं आणि मुहूर्त टळला. तेव्हापासून दोन ठिकाणांहून कळल्याशिवाय बाईंचा खडू फळ्याला लागत नसे.

या फळ्यानं काय काय पाहिलं होतं! बर्लिनची भिंत पडली तेव्हा बापूजी पाटलांनी सायकल थांबवून विचारलं होतं, "भिंत कोनाची पडली, बाई? मानूस तं नाई ना सापडला खाली?" आणि बाईंनी दहा मिनिटं उन्हात उभं राहून त्यांना जर्मनी समजावून दिला होता. बापूजी म्हणाले होते, "म्हंजे भावाभावाची वाटनी मोडली म्हना." बाईंना तेवढं सोपं कोणत्याच अग्रलेखात सापडलं नव्हतं.

पडदा सुरू झाला. नव्या फोनला पाच कॅमेरे. तहाची बोलणी फिसकटली. यंत्रमानवानं लाटल्या गोल पोळ्या. सोनं पुन्हा चढलं. हे पाच पदार्थ चुकूनही खाऊ नका.

"कोणते पाच?" बाईंनी विचारलं. तोवर पडद्यावर रॉकेट उडालं होतं. "आणि बोलणी कोणाची फिसकटली?"

"येइन ना पुन्हा बारा मिनिटानं."

"तोवर कोणते पदार्थ खाऊ नयेत हे न कळता मी उपाशी बसू?"

यज्ञेश्वर हसला. याच ओट्यावर बसून तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. चालू घडामोडींचे त्याचे सगळे गुण बाईंच्या पाच ओळींतून आलेले होते. ते तो भाषणात सांगायचाही.

एवढ्यात लालीबाई आली. तांड्यावरून रोज भाजीची टोपली घेऊन यायची आणि फळ्याखालीच बसायची. मेथी, पालक, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. तिला अक्षर येत नव्हतं. पण गेल्या आठ महिन्यांपासून, पोरगा राजदीप मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात कामाला लागल्यापासून, टोपली उतरवायच्या आधी ती एकच विचारायची.

"बाई, आज दर्याचं काय हाय?"

बाई सांगायच्या, "आज दर्याचं काही नाही." मग ती जुड्या मांडायची.

आज तिनं विचारायच्या आधीच पडद्यावर जहाज आलं. काळा धूर, उसळतं पाणी, खाली लाल पट्टीत अक्षरं. बाईंना "चौदा भारतीय" एवढंच वाचता आलं आणि जहाज गेलं. त्याच्या जागी नटी कुत्र्याचा वाढदिवस साजरा करत होती.

लालीबाईची टोपली डोक्यावरच राहिली. "ते काय होतं, बाई?"

"यज्ञेश्वर, थांबव ते!"

"थांबत नाई, बाई. ऑटोमॅटिक हाय."

"मागे घे."

"मागंही जात नाई. फक्त समोर."

बारा मिनिटं. गावच्या रस्त्यावरून कापसाच्या तीन पिकअप गेल्या. पडद्यावरून पाच कॅमेरे गेले, पोळ्या गेल्या, सोनं गेलं. टोपली बाईंनीच उतरवून घेतली. लालीबाई पडद्यावरून नजर हलवत नव्हती. प्रत्येक चित्र बदललं की तिचा हात गळ्यातल्या माळेकडे जायचा. विजयमालाबाईंनी आयुष्यात रेल्वेची वाट पाहिली होती, निकालाची पाहिली होती, दवाखान्याच्या बाकावर बसून नवऱ्याच्या शुद्धीवर येण्याची पाहिली होती. मथळ्याची वाट पाहायची वेळ कधी आली नव्हती. मथळा जागच्या जागी असायचा.

जहाज आलं. बाईंनी घडाघडा मोठ्यानं वाचलं, "मालवाहू जहाजावर ड्रोनहल्ला. चौदा भारतीय खलाशी बेपत्ता? वाचा सविस्तर."

जहाज गेलं.

"प्रश्नचिन्ह!" बाई कडाडल्या. "अरे, बातमी देता की मलाच विचारता? आणि सविस्तर कुठे वाचू? भिंतीच्या मागे जाऊ?"

यज्ञेश्वरचा चेहरा उतरला. त्यानं स्वतःचा मोबाइल काढला. बातमी उघडली तर कर्जाची जाहिरात आली. ती बंद केली तर पुढचं वाचायला अ‍ॅप घ्या म्हणाली. मग त्यानं मोबाइलमधल्या त्या उत्तरं देणाऱ्या यंत्राला बोलून विचारलं, जहाजाचं नाव काय? यंत्रानं गोड आवाजात एक नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा विचार." पुन्हा विचारल्यावर त्यानं दुसरं नाव सांगितलं. दोन्ही तितक्याच खात्रीनं.

"त्याच्या जहाजाचं नाव काय गं, लाली?"

"मले का ठावं? फोटो हाय." तिनं पदराच्या गाठीतून मोबाइल काढला. राजदीप डेकवर हसत उभा होता. मागे बुडत्याला फेकायच्या लाल-पांढऱ्या कड्यावर इंग्रजीत नाव लिहिलं होतं, पण शेवटची तीनच अक्षरं दिसत होती. बाकीची पोराच्या खांद्याआड.

राजदीपला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. ज्यानं नोकरी लावून दिली त्या एजंटाची घंटी नुसती वाजत राहिली.

बाईंनी घरून रेडिओ आणला. दुपारच्या बातम्यांत तो हल्ला होता, चौदा जणांचा शोध सुरू होता, प्रश्नचिन्ह नव्हतं. जहाजाचं नाव मात्र नव्हतं. नावं घरच्यांना कळवल्यावर जाहीर होतील, निवेदिका म्हणाली.

दोन ठिकाणं झाली. बाई उठल्या. कडुनिंबाकडे गेल्या आणि फळ्याचं तोंड फिरवायला लागल्या.

"बाई, हे काय करून राह्यल्या? चारले पाहुणे येते. फळा मधात कायले?"

"पाहुण्यांना वळसा घालायला सांग. धर तिकडून."

यज्ञेश्वरनं धरलं. इतक्या वर्षांची सवय, बाईंनी धर म्हटलं की धरायचं. फळा ओट्यावर पडद्याखालीच टेकला. बाईंनी पाच ओळी लिहिल्या. तह कोणाचा फिसकटला ते वर्तमानपत्रातून शोधून लिहिलं. फोनच्या कॅमेऱ्यांनाही एक ओळ दिली, कारण पोरं विचारतात. पाचवी ओळ जहाजाची. ठळक, सरळ, जागची न हलणारी. लालीबाई त्या ओळीखाली बोट फिरवत राहिली, जणू चटका बसतो का ते पाहत होती.

"आता खाली लिव, बाई."

"काय?"

"राजदीप बरा हाय म्हून लिव."

बाईंचा खडू फळ्यापाशी थांबला.

"लिव ना! तू लिवलं का ते खरंच असते. मी पाह्यलं हाय. तुहा लिवलेला डॉक्टर येते, तुही लिवलेली म्हैस सापडते. माह्या पोरासाठीच काहून हात आखडून राह्यली?"

"मला माहीत नाही गं, लाली."

"एवढं मोठं शिकून मालूम नाई?" लालीबाई ओरडली. रस्त्यावरचे दोघे थांबले, त्यातला एक सायकलवर. "आठ महिने विचारून राह्यली तुले! रोज सांगे, दर्याचं काई नाई, काई नाई. ते तरी मालूम होतं का तुले?"

हे बाईंना लागलं. कारण तेही त्यांना माहीत नव्हतं. पाच कागदांत छापून आलं नाही, एवढंच माहीत होतं. खडू बोटांत फिरत राहिला. "सुखरूप" हा चार अक्षरांचा शब्द. लिहायला आठ सेकंदही लागले नसते.

त्या खाली वाकल्या. सहाव्या ओळीत त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "राजदीप राठोड याच्या फोनची वाट पाहत आहोत."

लालीबाईनं ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. मग म्हणाली, "पाहत आहोत म्हंजे कोन कोन?"

"तू. मी. यज्ञेश्वर. हा सायकलवाला."

लालीबाई फळ्याला पाठ लावून बसली. मेथीवर पाणी शिंपडायचंही तिला सुचलं नाही. ते यज्ञेश्वरनं शिंपडलं.

चारचे पाहुणे पावणेपाचला आले. फळ्याला वळसा घालून ओट्यावर चढले, फीत कापली, ज्ञानाची गंगा दारी आली असं काहीतरी बोलले. मागे सोनं चढतच होतं. उतरताना एका पाहुण्यानं फळ्याची शेवटची ओळ वाचली आणि हळूच विचारलं, "आला का फोन?"

फोन आला तेव्हा हार-तुरे आवरणं चालू होतं. नंबर भलताच लांबलचक होता. लालीबाईला हिरवं बटण दाबता येईना. बाईंनी दाबलं आणि फोन तिच्या कानाशी धरला.

"याडी," पलीकडून पोरानं आईला हाक मारली. "ओ याडी! मी हाव ना! बंदरात हाव, मोबाइल बंद पडलता. कायले रडून राह्यली?"

मग लालीबाईनं पोराला जे झापलं, ते बाजारपेठेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. फोन ठेवला तशी ती वळली, डोळे पुसले आणि पदर बोटाला गुंडाळून फळ्यापुढे उकिडवी बसली.

"कोनतं पुसू, बाई?"

"खालची ओळ. पूस सगळी."

लालीबाईनं हात उचलला आणि थांबवला. वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे जहाजाचं हाय ना? त्या चौदाचं काई कळलं?"

"नाही अजून."

"माह्या राजदीपचं नाव कोठून कोठवर हाय?"

बाईंनी दाखवलं. लालीबाईनं तेवढंच पुसलं, दोन शब्द, कडेला धक्का लागू न देता. मग टोपली डोक्यावर घेऊन तांड्याच्या वाटेला लागली.

भिंतीवरचं जग पुन्हा पहिल्या बातमीवर आलं होतं. यज्ञेश्वर फळा आत न्यायला पुढे झाला, आणि मग तसाच उभा राहिला. रस्त्यावर एक सायकल थांबली होती. अनोळखी माणूस एक पाय जमिनीला टेकवून वाचत होता. मोकळी सोडलेली काळी जागा, आणि तिच्यापुढे, "याच्या फोनची वाट पाहत आहोत."