छोट्या गाडीच्या गळ्यात मारलेला मोठा टर्बो

मी टर्बो बोलतोय. माझं खरं बोलणं म्हणजे शिट्टी. पण माझी पाती मोडली आणि शिट्टीही गेली, म्हणून आता तुमच्या भाषेत तोंड उघडावं लागतंय. सध्या माझा मुक्काम नाशिकला खेटून असलेल्या मखमलाबादला, झेंडूच्या शेडमध्ये, रिकाम्या क्रेटच्या चळतीवर आहे. चळत वाऱ्याने कलंडू नये म्हणून मला वर बसवलंय. वजन लागतं, अक्कल लागत नाही, असं हे काम.

टर्बो म्हणजे काय, हे विचारायला लाजू नका. मला विकत घेणाऱ्यालाही ते नीट ठाऊक नव्हतं. गाडीचं इंजिन धूर बाहेर फेकतं. तो धूर माझ्या एका बाजूच्या चक्रावर आपटतो आणि ते गरगरा फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त गेली की इंधन जास्त जळतं आणि गाडीला जोर येतो. थोडक्यात, मी इंजिनाचं उष्टं खातो आणि इंजिनालाच जेवू घालतो.

ते उष्टं माझ्यापर्यंत आणून पोचवणारी नळ्यांची जोडणी म्हणजे मॅनिफोल्ड. ती माझी जोडीदारीण. तुम्ही माणसं लग्न ठरवताना गुण जुळवता, नाडी बघता, मुलीच्या मामापर्यंत चौकशी करून येता. आमच्या बाबतीत मात्र बोल्ट बसला की मंगलाष्टकं म्हणून मोकळे होता.

माझं पहिलं स्थळ तसं उत्तम होतं. पुण्याकडच्या कारखान्यात जन्मलो आणि थेट एका दहाचाकी ट्रकवर गेलो. ट्रकचं इंजिन अवाढव्य, त्याचा धूरही तसाच भरघोस, आणि मॅनिफोल्ड बिडाची, ठेंगणी, जाडजूड. दिसायला काही खास नव्हती, पण कसारा घाटात तापून लाल झाली तरी कधी कुरकुरली नाही. नामपूरचा कांदा भरायचा आणि मुंबईला न्यायचा, हा आमचा संसार. ड्रायव्हर केरू गाडी चढणीला लागली की माझ्या शिट्टीच्या तालावर स्टिअरिंग बडवायचा. सुखाचे दिवस होते ते.

मग ट्रक म्हातारा झाला. मनमाडच्या भंगारात त्याचे तुकडे पडले आणि मी एका ढिगात जाऊन पडलो. तिथे एके दिवशी कुंदन आला.

कुंदन हा मखमलाबादच्या झेंडूवाल्यांच्या घरातला. हाच माणूस भाजीबाजारात मेथीची जुडी घेताना दहा जुड्या उलट्यासुलट्या करतो, पान मोडून बघतो, मुळाची माती झटकून बघतो. टर्बो घेताना मात्र त्याने ढिगातला सगळ्यात मोठा कोण एवढंच पाहिलं. मला दोन्ही हातांनी उचललं, कमरेतून कळ आली तसा खूश झाला आणि म्हणाला, "बास, हाच!"

मी कोणत्या गाडीसाठी चाललोय हे मला नाशिकच्या द्वारका चौकात, खलीलभाईच्या वर्कशॉपमध्ये कळलं. समोर एक लाल रंगाची, एवढीशी पेट्रोल गाडी उभी होती. तिच्या बोनेटखाली मी मावणार तरी कसा!

ती गाडी कुंदनच्या बायकोची, तेजलची. तेजल नामपूरची. तिच्या वडिलांनी मोसम नदीच्या कोरड्या पात्रात तिला याच गाडीवर चालवायला शिकवलं होतं. वडील गेले आणि गाडी लेकीबरोबर सासरी आली. तेजल गाडी इतकी झकास चालवायची की दसऱ्यानंतरच्या रविवारी शहराबाहेरच्या माळावर जी मातीची शर्यत होती, तिच्यात उतरायचं तिने ठरवलं होतं. वडिलांच्या गाडीने एकदा तरी शर्यत पळावी, एवढीच तिची हौस. गाडी तयार करायचं काम कुंदनने आपणहून अंगावर घेतलं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

खलीलभाईने माझ्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे पाहिलं, मग कुंदनकडे. हा माणूस तोंडाचा फटकळ, आणि स्वतःसारखा मिस्त्री नाशकात दुसरा नाही असं दिवसातून तीनदा सांगणारा.

"कुंदनभाई, ये क्या उठाके लाया?"

"टर्बो. ट्रकचा हे, ओरिजिनल."

"ट्रकचा हे ते दिसतंय. ट्रक कुठंय?" खलीलभाईने बोनेटवर टिचकी मारली. "या इंजिनाचा धूर केवढा, याचं चाक केवढं! हे चाक फिरेपर्यंत शर्यत संपून बक्षीस वाटून होईल. हा बघ, हा छोटा बसव. पटकन उठतो."

त्याने फळीवरून एक चिमुकला टर्बो काढला. कुंदन हसायलाच लागला. "हा? हा तर नारळाएवढाही नाय! मी व्हिडिओ बघितलेत. मोठा टर्बो, मोठी पॉवर."

"व्हिडिओत गाडी कोणती होती?"

कुंदनने मला आणखी पुढे सरकवलं, आणि खलीलभाईने नाद सोडला. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की मिस्त्री पान्हा उचलतो, हा जगाचा नियम आहे.

मॅनिफोल्डही कुंदननेच पसंत केली, आणि तीसुद्धा रूपावर भाळून. चकाकती, पातळ पत्र्याची, चार नळ्या अशा वळणं घेत गेलेल्या की बघत राहावं. पण त्या लांबलचक वळणांतून धूर माझ्यापर्यंत यायचा तो निम्मा गार होऊन. वर माझं सगळं वजन तिच्या नाजूक मानेवर. बिचारी दुसऱ्याच दिवशी जोडाजवळ तडकली आणि फटफट आवाज करायला लागली. मी बोनेटमध्ये मावेना, म्हणून बोनेटलाही भोक पाडलं. त्यातून माझं डोकं बाहेर डोकावताना बघायला अर्धं मखमलाबाद जमलं. कुंदनने माझ्यावर हात ठेवून फोटो काढून घेतले.

चाचणी पाटाच्या रस्त्यावर झाली. तेजल चालवत होती, कुंदन शेजारी. तिने अॅक्सिलरेटर दाबला. मी काहीच केलं नाही. खोटं कशाला बोलू, माझ्याने फिरवेचना. तिने आणखी दाबला, तरी मी ढिम्म. वळण आलं आणि नेमका तेव्हाच माझ्यापुरता धूर जमला. मी उठलो, आणि उठलो तो सगळाच उठलो. गाडीने अशी उसळी घेतली की ती थेट शेजारच्या गोटीरामच्या फ्लॉवरच्या शेतात जाऊन थांबली. चार हात पुढे विहीर होती.

गोटीराम धावत आला. दोघं धडधाकट आहेत हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला आणि मग तो म्हणाला, "काय गं तेजल, फ्लॉवर तोडायचं मशीन आणलं का?"

तेजल हसली नाही. ती उतरून विहिरीत डोकावून आली.

त्या दुपारी शेडमध्ये तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "हा झोपून ऱ्हातो, झोपून ऱ्हातो, आन् मग एकदम उठून लाथ मारतो. भर वळणावर उठला तर मी काय करू? मला शर्यत पळायची हे, विहिरीत नाय जायचं. छोटा बसवा."

"अगं, सगळ्या गावाने बघितलाय. बोनेटला भोक पाडलंय. आता छोटा बसवला तर लोक काय म्हणतील?"

"मी मेले तर काय म्हणतील?"

"असं अभद्र बोलू नको," कुंदन म्हणाला, आणि विषय संपला. तेजलही हटणारी नव्हती. तिने शर्यतीतून नाव काढलं नाही. म्हणजे रविवारी ती मला घेऊनच उतरणार होती, आणि मला स्वतःचीच धास्ती वाटू लागली.

खलीलभाई तडकलेली मॅनिफोल्ड जोडायला आला होता. कुंदनची आई, मालनबाई, त्याच्यासाठी चहा घेऊन आली. सून-लेकाचं बोलणं तिने ऐकलं होतं, आणि चहा देऊनही ती तिथेच रेंगाळली. खलीलभाईचा पारा चढला होता, कारण चक्र दिसावं आणि शिट्टी मोठी यावी म्हणून कुंदनने माझ्या तोंडावरचा हवेचा फिल्टरच काढून ठेवला होता.

"उघडं तोंड ठेवलंय याने! मावशी, सांगा तुमच्या पोराला. बोटाच्या पेराएवढं काही कडक आत गेलं ना, पाती गेली समजा."

"आन् गाडीचं काय व्हतं?" मालनबाईने विचारलं.

"गाडी लगेच बंद केली तर वाचते. मरतो तो हा."

"अरे देवा," मालनबाई म्हणाली आणि कपबशी घेऊन गेली.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना पूजेचा मान असतो. मालनबाईने मोटार, पंप, पिकअप यांची पूजा केली आणि शेवटी आमच्याकडे वळली. मला हळद लावली, कुंकू लावलं, घरच्या झेंडूची माळ घातली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यापुढे हात जोडले. मी विरघळलोच. मग तिने डोळे मिटले, "माझ्या सुनेला सांभाळ रे बाबा," असं पुटपुटली आणि मूठभर अक्षता, पाकळ्या आणि एक हळकुंड सरळ माझ्या उघड्या तोंडात घातलं.

मी मनात ओरडलो, अहो मावशी, तोंडात नको! भक्ती आंधळी असते म्हणतात, पण किती? कुंदनने वरच्या पाकळ्या फुंकून टाकल्या आणि त्याला वाटलं झालं साफ. हळकुंड माझ्या नरड्यात तसंच होतं.

"किल्ली तेजलच्या हातात दे," मालनबाई म्हणाली. "लक्ष्मी हाय ती घरची."

तेजलने गाडी चालू केली. कुंदनने हौसेने रेस करायला लावली. खडाड्खट्! माझी पाती हळकुंडावर आदळून मोडली. मी जो आवाज काढला तो शिट्टीचा नव्हता, हंबरड्याचा होता. तेजलने त्याच क्षणी गाडी बंद केली. बोनेटच्या भोकातून पिवळा भुगा उडाला आणि सगळ्यांच्या अंगावर हळद बसली.

मालनबाईने पदर तोंडाला लावला. "माझ्या हातनं झालं का रे?"

कुंदनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आईवर ओरडावं तर पूजेचा दिवस, आणि ओरडून माझी पाती थोडीच जुळणार होती! त्याने तोंडावरची हळद पुसली. मग म्हणाला, "नाय आई. देवीच्याच मनात नसंल." आणि ते वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला त्याने सांगितलं, मोठा टर्बो आम्ही देवीला वाहिला. आता छोटा बसवण्यात कमीपणा राहिला नाही. कमीपणाची जबाबदारी देवीकडे गेली होती.

खलीलभाईने मला उतरवलं, नळ्या धुऊन भुगा काढला आणि तो नारळाहून लहान टर्बो बसवला. जोडीला बिडाची ठेंगणी मॅनिफोल्ड. काळी, आखूड, जाड. तिला बघून मला माझ्या ट्रकवरची आठवली. ते दोघं पहिल्याच दाबाला एकसुरात बोलायला लागले. जोडा जुळणं म्हणजे काय, ते मी भुईवर पडल्या पडल्या ऐकलं.

रविवारी तेजल दुसरी आली. संध्याकाळी गाडी अंगणात शिरली तेव्हा ती धुळीने ओळखू येत नव्हती. तेजलने चषक आधी डॅशबोर्डवर, वडिलांच्या फोटोपुढे ठेवला आणि मग सासूला मिठी मारली. कुंदन छोट्या टर्बोवर हात ठेवून फोटो काढत होता.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. सगळी पूजा आटोपल्यावर मालनबाई एकटीच शेडमध्ये माझ्याकडे आली. या खेपेला तिने चिमूटभरच अक्षता वाहिल्या, आणि त्याही माझ्या डोक्यावर, तोंडापासून चांगल्या लांब. म्हणजे पूजा कुठे करायची हे तिला पहिल्यापासून नीट माहीत होतं. मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "राग धरू नको रे. पोराला सांगून पटंना, म्हणून तुला हळकुंड दिलं. काय करू? ती माझी सून हाय, तू भंगारातला."

तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि निघून गेली. राग कसला धरणार? मला आजवर इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. तेव्हा मंडळी, टर्बो घ्यायचा तर आधी इंजिन बघा, मॅनिफोल्ड नीट जुळवा आणि माझ्यासारख्या अवाढव्याला त्याच्या ट्रकवरच सुखात राहू द्या. एवढं ऐकायचं नसेल, तर निदान घरात मालनबाई आहे का ते बघा आणि आमच्या तोंडाला फिल्टर लावा.